‘इत्यादी’तला मुलूख : साल्बाईच्या तहाचे एक वाचन

समीक्षेच्या पानावर एखाद्या तहाचा परामर्श घेतलेला पाहून आमच्या काही वाचकांना नवल वाटेल. या पानाला कवितासंग्रहांची, कथांची, फार तर एखाद्या चरित्रग्रंथाची सवय आहे. परंतु तह हीदेखील एक लिहिलेली कृती असते. तिला लेखक असतो (बहुधा एकाहून अधिक, आणि त्यांचे आपसात पटत नसते), तिच्यासमोर विशिष्ट वाचक असतो, तिच्यात निवडलेले शब्द असतात आणि टाळलेले शब्दही असतात. सेमिनरीत पवित्र शास्त्राचा उतारा हाती घेताना आम्हांला काही प्रश्न विचारावयास शिकविले होते. हे कोण बोलत आहे? कोणाशी? आधीच्या कोणत्या लिखाणावर त्याची भिस्त आहे? आणि बोलावयाचे काय राहून गेले आहे? हेच प्रश्न एखाद्या राजकीय दस्तऐवजाला विचारले तर काय हाती लागते, ते पाहावे म्हणून हा लेखनप्रपंच.

दस्तऐवज आहे १७ मे १७८२ चा साल्बाईचा तह. शाळेच्या इतिहासात त्याला दोन-तीन ओळींची जागा मिळते. पहिले इंग्रज-मराठा युद्ध संपले, साष्टी इंग्रजांकडे राहिली, वसई पेशव्यांना परत मिळाली आणि राघोबादादांना नेमणूक मिळाली. साल्बाई हे ग्वाल्हेरजवळचे खेडे. कंपनीच्या वतीने डेव्हिड अँडरसन आणि पेशव्यांच्या वतीने महादजी शिंदे यांनी तेथे सतरा कलमे ठरविली. हा तह आजवर पुण्याहून वाचला गेला, कलकत्त्याहून वाचला गेला, ग्वाल्हेरहूनही वाचला गेला. आम्ही तो शहापूर-मुरबाडच्या बाजूने वाचणार आहोत. कारण ज्या पाण्याच्या दोन काठांची या तहाने वाटणी केली, ते पाणी आमच्याकडून खाली जाते.

हे जरा स्पष्ट करावयास हवे. कसाऱ्याच्या डोंगरांतून निघालेली भातसा शहापूर तालुक्यातून उतरते. मुरबाडचे पाणी घेऊन काळू येते. दोघींचे पाणी कल्याणच्या परिसरात उल्हास नदीला मिळते. उल्हास स्वतः राजमाचीकडून कर्जत, बदलापूर अशी आलेली असते. कल्याणपासून पुढे ती नदी कमी आणि खाडी अधिक, कारण भरतीचे पाणी वर चढते. ठाण्यापाशी तिला फाटा फुटतो. एक अंग घोडबंदरवरून पश्चिमेस वसईच्या खाडीला जाते, दुसरे चिंचोळे अंग दक्षिणेस ठाण्याच्या खाडीत उतरते. या दोन अंगांच्या मिठीत जे बेट आहे ते साष्टी. १७७४ च्या अखेरीपासून पुढे चाळीसएक वर्षे हे पाणी म्हणजे दोन राज्यांची सरहद्द होती. ठाण्याच्या किल्ल्यावर कंपनीचे निशाण, आणि समोर हाकेच्या अंतरावरचे कळवे हा परमुलूख. १७८२ नंतर घोडबंदर इंग्रजांचे आणि पलीकडचा काठ पेशव्यांचा. आज लोकलगाडीतून ही खाडी ओलांडताना आपण वर्तमानपत्राची घडीसुद्धा मोडत नाही, त्यामुळे या गोष्टीची कल्पना करणे कठीण जाते.

आता मूळ मजकुराकडे वळू. तहाच्या इंग्रजी मसुद्यातील पहिले कलम असे सांगते की, कर्नल अप्टन यांनी केलेल्या तहानंतर जे युद्ध उद्भवले त्यात पेशव्यांकडून घेतलेले सर्व प्रांत, ठाणी, शहरे आणि किल्ले, ‘वसई इत्यादी’ धरून, पेशव्यांना परत करण्यात येतील. तह पुरा झाल्यापासून दोन महिन्यांत. दुसरे कलम सांगते की साष्टी आणि घारापुरी, कारंजा व हॉग ही आणखी तीन बेटे, जी अप्टन यांच्या तहात समाविष्ट आहेत, ती सदैव इंग्रजांच्या ताब्यात राहतील.

या दोन कलमांत तीन शब्दप्रयोग आहेत, आणि आमच्या मते सगळा तह त्या तिहींवर तोललेला आहे. ‘इत्यादी’, ‘सदैव’ आणि ‘अप्टन यांच्या तहात समाविष्ट’. शेवटचा सर्वांत निरुपद्रवी दिसतो. वास्तविक तोच सर्वांत चतुर आहे.

जुन्या करारातील काही ग्रंथांविषयी अभ्यासक म्हणतात की त्यांचा मजकूर थरांचा बनलेला असतो. एका काळाच्या लिखाणावर दुसऱ्या काळाचे लिखाण चढते, आणि वरचा थर खालच्याकडे बोट दाखवीत आपला अधिकार सिद्ध करतो. साल्बाईचे दुसरे कलम असेच आहे. साष्टी इंग्रजांची का? तर ती अप्टनच्या तहात होती म्हणून. बरे, अप्टनच्या तहात ती कशी आली? हा थर उकरू लागावे तर खाली एकाखाली एक कागद निघत जातात, आणि तळाशी कागद नाही, एक रात्र आहे.

अप्टनचा तह म्हणजे १ मार्च १७७६ चा पुरंदरचा तह. कलकत्त्याच्या कौन्सिलने मुंबईकरांचे युद्ध अनधिकृत ठरविले आणि कर्नल अप्टनला पुरंदरास धाडले. समोर सखारामबापू आणि नाना फडणीस. या कारभाऱ्यांनी अप्टनला वारंवार एकच प्रश्न विचारला. मुंबईकरांनी केलेले युद्ध तुम्हांला नापसंत आहे म्हणता, मग त्या युद्धात मिळालेले साष्टी ठेवून घ्यावयाची तुम्हांला एवढी आतुरता का? हे अप्टननेच कलकत्त्यास कळविले आहे. त्याच्यापाशी उत्तर नव्हते; उत्तराऐवजी त्याच्यापाशी एक कलम होते. पेशव्यांनी तीन लाख उत्पन्नाचा मुलूख द्यावा आणि साष्टी परत घ्यावी, अशी तोड त्यात लिहिली; पण ती मान्य करावयाची की नाही हे गव्हर्नर जनरल आणि त्यांच्या कौन्सिलच्या मर्जीवर ठेवले. म्हणजे १७७६ साली साष्टीचा प्रश्न सुटलेला नव्हता. तो खुला ठेवला होता, आणि त्याची किल्ली एका पक्षाच्या खिशात होती. साल्बाईच्या कलमाने ‘समाविष्ट’ हा एक शब्द वापरला, आणि खुला प्रश्न मिटलेला निर्णय होऊन बसला.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पुरंदर आणि साल्बाई यांच्या मध्ये १७७९ च्या जानेवारीत वडगावचा करार झाला होता. तळेगावच्या रस्त्यावर कोंडीत सापडलेल्या मुंबईकरांच्या सेनेने त्यात साष्टीसह १७७३ नंतर घेतलेले सर्व परत करण्याचे मान्य केले होते. मुंबई आणि कलकत्ता यांनी तो करार झिडकारला, हे खरे. परंतु साल्बाईस बसलेल्या मुत्सद्द्यांसमोर मागचे दोन कागद होते. एक साष्टी ठेवून घेणारा आणि एक साष्टी परत देणारा. या कलमांनी त्यांपैकी पहिल्याचा उल्लेख केला, दुसऱ्याचा केला नाही. आधार म्हणून काय उद्धृत करावयाचे याची निवड झाली की निष्कर्षाची निवड होऊन जाते. टीकाकारांनाही हे व्यसन असते, तेव्हा आम्ही त्याविषयी फार बोलू नये.

पुरंदरच्या खाली मार्च १७७५ चा सुरतेचा तह. गादीसाठी घायकुतीला आलेल्या राघोबादादांनी मुंबईकरांना वसई, साष्टी आणि आसपासची बेटे लिहून दिली. जे आपल्या ताब्यात नाही ते देण्याचे औदार्य राजकारणात विरळा नसते. शिवाय साष्टी तोवर इंग्रजांनी घेतलेलीच होती. २८ डिसेंबर १७७४ च्या रात्री ठाण्याच्या किल्ल्यावर हल्ला झाला. इंग्रजांचा कमोडोर वॉटसन जखमी होऊन पुढे मरण पावला. किल्ल्यातील बहुतेक शिबंदी कापली गेली. तळाशी असलेली रात्र ती हीच. ‘समाविष्ट’ या शब्दाखाली ठाण्याच्या तटावरचे ते मराठी शिपाई आहेत.

इंग्रजांना इतकी घाई का झाली होती? कारण गोव्याहून पोर्तुगीज आरमार साष्टी आणि वसई परत घ्यावयास येत असल्याची बातमी मुंबईस पोहोचली होती. येथे या खाडीचा तिसरा दावेदार रंगमंचावर येतो, आणि आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या पूर्वजांची कथा त्याच्याशी जोडलेली असल्याने थोडे थांबावयास हवे. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादुरशहाने वसई आणि तिच्या हाताखालचा मुलूख पोर्तुगिजांना दिला. दोनशे वर्षे हा काठ ‘फिरंगाण’ होता, आणि वरच्या अंगाला कल्याण-भिवंडी आधी निजामशाहीत, मग आदिलशाहीत, मग १६५७ पासून शिवाजी महाराजांकडे. शहापूरजवळचा माहुलीचा किल्ला या काळात किती वेळा हातचा गेला आणि आला, ते सांगत बसलो तर हा लेख किल्ल्यावरच अडकेल. १६६१ मध्ये पोर्तुगालच्या राजकन्येचा विवाह इंग्लंडच्या राजाशी ठरला, तेव्हा विवाहाच्या तहात मुंबईचे बंदर आणि बेट ‘त्याच्या मुलखासह व त्यास संलग्न असलेल्या सर्वांसह’ देण्यात आले. संलग्न म्हणजे काय? इंग्रज म्हणू लागले, साष्टी आणि ठाणेही त्यात आले. गोव्याचे विसोरेई म्हणाले, मुळीच नाही. १६६५ मध्ये इंग्रजांच्या हाती अखेर जे पडले ते त्यांच्या अपेक्षेच्या मानाने फारच थोडे होते. १७३७ मध्ये साष्टी आणि १७३९ मध्ये वसई मराठ्यांनी जिंकली. परंतु ‘संलग्न’ या शब्दाची भूक काही मेली नाही. १७७४ ची रात्र ही एका अर्थी १६६१ च्या त्या मोघम शब्दाची तलवारीने केलेली टीका होती.

म्हणजे या खाडीच्या दस्तऐवजांत दोन मोघम शब्द आहेत. एक सुरुवातीस, ‘संलग्न’. दुसरा साल्बाईस, ‘इत्यादी’. पहिल्याने साष्टीवर डोळा ठेवला. दुसऱ्यात आम्ही आहोत.

हो, आम्हीच. पहिल्या कलमात परत करावयाच्या मुलखातून नावाने आली ती वसई. वसईची मातब्बरी मोठी. तिच्या तटासाठी तीन राज्ये लढली. पण १७८० च्या मे महिन्यात इंग्रजांनी कल्याण घेतले होते. मुंबईच्या तिजोरीत खडखडाट होता, आणि कोकणचा वसूल हाती आला तर फौजेचा खर्च भागेल असा हिशेब होता. नोव्हेंबरात जनरल गॉडर्ड वसईला वेढा घालून बसला. घाटावरून उतरणाऱ्या मराठी फौजेला अडविण्यासाठी कर्नल हार्टले वसई आणि घाट यांच्या मधल्या मुलखात उभा राहिला. १२ डिसेंबरला वज्रेश्वरीजवळच्या दुगाडच्या लढाईत रामचंद्र गणेश हे शूर सरदार धुक्याच्या सकाळी पडले. तत्पूर्वी एक दिवस वसई इंग्रजांच्या हाती गेली होती. हा सगळा काळ म्हणजे भातकापणीचा, खळ्याचा काळ. शहापूर-मुरबाडकडील कोणत्याही शेतकऱ्याला विचारा, नोव्हेंबर-डिसेंबरात दोन फौजा दारातून गेल्या तर वर्षाचे काय होते. मग ज्यांच्या हाती कल्याण त्यांच्या हाती वरचा बाजारही. नाणेघाट उतरून वैशाखऱ्यावरून मुरबाडमार्गे येणारा बैलांचा तांडा कल्याणच्या बंदरावरच रिता व्हावयाचा. खाडीतून भात आणि लाकूड खाली जाई, मीठ वर येई.

हा सारा प्रदेश, त्याची खळी, त्याचे घाट, त्याचे बंदर, तहात एका जोडशब्दात मावला. कल्याणचे नावदेखील त्या कलमात नाही. ‘वसई इत्यादी.’

यावर कोणी म्हणेल की तहाचा मजकूर हा तलाठ्याचा दप्तर नव्हे. त्यात प्रत्येक गाव कसे येणार? आक्षेप रास्त आहे. परंतु त्याच तहाचे दुसरे कलम पाहा. तेथे मात्र बेटांची नावे एकेक करून मोजली आहेत, हॉगसारखे चिमुकले बेटसुद्धा. जे ठेवावयाचे ते नावाने, जे परत द्यावयाचे ते ‘इत्यादी’ने. हा योगायोग आम्हांला वाटत नाही. नाव घेणे हा हक्क सांगण्याचा प्रकार आहे, आणि मसुदा करणाऱ्याला हे चांगले कळत होते.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. तह जमिनीची वाटणी करतो, पाण्याविषयी बोलत नाही. व्यापाराच्या सवलती पूर्वीप्रमाणे चालतील असे सांगून तो पुढे जातो. सरहद्द खाडीच्या मध्यावर की काठावर, भरतीच्या वेळी पाण्यात असलेली होडी कोणाच्या राज्यात, एका काठाच्या कोळ्याने दुसऱ्या काठाला जाळे लावले तर तो कोणाचा गुन्हेगार, यांबद्दल या सतरा कलमांत अक्षर नाही. दोन मालकींच्या मध्ये उरलेली रिकामी जागा, एवढीच तहाच्या दृष्टीने त्या पाण्याची किंमत. नदीला सरहद्द करावयाचे तर नदीविषयी लिहावे लागते, ही साधी गोष्ट त्या मोठ्या मुत्सद्द्यांच्या लेखणीतून निसटली.

पवित्र शास्त्राच्या वाचकांना येथे यहोशवाच्या ग्रंथाचा बाविसावा अध्याय आठवल्याशिवाय राहणार नाही. वचनदत्त देश जिंकल्यावर रऊबेन, गाद आणि मनश्शेचा अर्धा वंश यार्देनच्या पूर्वेकडील आपल्या वतनाला परतले आणि जाता जाता त्यांनी नदीकाठी एक भली थोरली वेदी बांधली. पश्चिमेकडील वंशांना वाटले की हा धर्मद्रोह आहे, आणि ते लढाईला निघाले. परंतु लढाईआधी त्यांनी फिनहास याजक आणि दहा सरदार यांचे शिष्टमंडळ पाठविले. पूर्वेकडच्यांनी जे उत्तर दिले ते राजनीतीच्या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. त्यांना भय युद्धाचे नव्हते. उद्या तुमची मुले आमच्या मुलांना सांगतील की यार्देन ही सीमा आहे, तुमचा आमच्या देवाशी संबंध नाही, हे त्यांचे भय होते. वेदी होमबलीसाठी नव्हती, साक्षीसाठी होती. दोन्ही काठांचे लोक एक आहेत, याची साक्ष. शिष्टमंडळाला हे पटले आणि रक्तपात टळला. नदी सरहद्द झाली की पहिली दुखापत नात्याला होते, हे त्या प्राचीन लेखकाला कळले होते.

साल्बाईच्या तहाने तशी साक्ष कोठे ठेवली आहे, हे आम्ही शोधून पाहिले. सापडली नाही. १७३९ पर्यंत साष्टी आणि वसई येथील ख्रिस्ती कुटुंबे एकाच राज्यात होती, आणि पुढे १७७४ पर्यंत एकाच पेशवाईत. १७८२ नंतर वसईचे ख्रिस्ती पेशव्यांची प्रजा, साष्टीचे ख्रिस्ती कंपनीची प्रजा. भाषा तीच, प्रार्थना त्याच. वसई जिंकताना चिमाजी अप्पांनी तेथे राहू इच्छिणाऱ्या ख्रिस्ती लोकांना धर्माचरणाची मोकळीक कबूल केली होती, आणि त्या कबुलीला एका करारात जागा मिळाली होती. साल्बाईच्या कलमांत या माणसांना जागा नाही. पोर्तुगिजांचा उल्लेख आहे, पण तो वखारींपुरता. पेशव्यांनी अन्य युरोपियनांना आपल्या मुलखात नव्या वखारी घालू देऊ नयेत, पोर्तुगिजांच्या जुन्या वखारींचा तेवढा अपवाद. वखार दिसली, देऊळ दिसले नाही. अर्थात याचा राग फक्त आम्ही धरावा असे नाही. खाडीच्या दोन्ही काठांवरचे आगरी, कोळी, कुणबी हेही त्याच अनुल्लेखात आहेत. आमचे वारली, ठाकूर आणि कातकरी तर कोणाच्याच तहात नव्हते.

इतका दोष दाखविल्यावर या तहाच्या गुणांविषयी मौन पाळणे न्यायाचे होणार नाही. राजकीय कारागिरी म्हणून तो वरच्या दर्जाचा आहे. मराठ्यांनी वसई परत मिळविली. राघोबादादांचा प्रश्न कायमचा मिटविला. कंपनीला तिच्या बगलबच्च्याचा हात सोडावयास लावले. नानांचे धोरण तर पाहत राहावे असे. तहावर मे महिन्यात साल्बाईस शिक्कामोर्तब झाले, जूनमध्ये कलकत्त्याची मान्यता आली, पण नानांनी आपली मान्यता डिसेंबरपर्यंत रोखून धरली. हैदर अली जिवंत होता तोवर इंग्रजांना दक्षिणेत एक शत्रू होता आणि नानांच्या हाती एक पत्ता होता. हैदर ७ डिसेंबरला वारला. २० डिसेंबरला नानांनी मान्यता दिली. या तहाने इंग्रज आणि मराठे यांच्यात वीस वर्षे शांतता राखली. तेवढ्या काळात आमच्या मुलखातून परकी फौज गेली नाही, ही लहान गोष्ट नव्हे. न. चिं. केळकरांनी १९१८ मध्ये ‘मराठे व इंग्रज’ लिहिताना मराठेशाहीच्या अंताचे शतसांवत्सरिक श्राद्धच घातले. त्या पिढीच्या इतिहासकारांचे लक्ष राज्य का गेले याकडे होते आणि ते स्वाभाविक होते. आमचा प्रश्न त्याहून धाकटा आहे. राज्य कोणाचेही असो, सरहद्दीच्या कागदात सरहद्दीवरचा माणूस येतो की नाही?

महादजींविषयी आमचे मत थोडे निराळे आहे, तेही सांगून टाकतो. त्यांनी या तहात तीन भूमिका केल्या. पेशव्यांचे प्रतिनिधी, मध्यस्थ, आणि दोन्ही पक्षांनी तह पाळावा यासाठी जामीन. ज्याला स्वतःला काही मिळवायचे आहे असा माणूस मध्यस्थ झाला की तहाचे केंद्र त्याच्याकडे सरकते. ग्वाल्हेर आणि दिल्लीकडे महादजींचे डोळे लागले होते. ठाण्याच्या खाडीत त्यांना काय स्वारस्य असणार?

मध्यस्थ कसा असावा याचे उदाहरण आमच्या काळात घडले आहे. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला बीगल नावाची सामुद्रधुनी आहे. तिच्या मुखाशी पिक्टन, लेनॉक्स आणि नुएवा ही तीन बेटे. (साल्बाईच्या कलमातही साष्टीखेरीज तीनच बेटे होती, ही गंमत.) त्यांवरून अर्जेंटिना आणि चिली ही दोन कॅथलिक राष्ट्रे १९७८ च्या नाताळापूर्वी युद्धाच्या उंबरठ्यावर उभी होती. पोप दुसरे जॉन पॉल यांनी कार्डिनल अंतोनियो सामोरे यांना पाठविले. जानेवारी १९७९ मध्ये दोन्ही देशांनी माँटेव्हिडिओ येथे पोपमहोदयांची मध्यस्थी मागितली. बोलणी सहा वर्षे रेंगाळली. कार्डिनल सामोरे तह पाहण्यापूर्वीच १९८३ मध्ये निवर्तले. २९ नोव्हेंबर १९८४ रोजी व्हॅटिकनमध्ये सह्या झाल्या. बेटे चिलीकडे राहिली, पण त्यांच्यापुढील बहुतांश सागरावर अर्जेंटिनाचा हक्क ठरला. या तहात पाणी रिकामी जागा नाही. त्यात सागरी सीमारेषा आखलेली आहे, जहाजांनी कोणत्या मार्गाने कसे जावे याचे नियम आहेत, पुढे वाद झालाच तर तो कोणी आणि कसा सोडवावयाचा याची पद्धत आहे. आणि सहीपूर्वी चारच दिवस अर्जेंटिनाच्या जनतेचा कौल घेण्यात आला होता. मध्यस्थाला तीन बेटांपैकी एकही नको होते, हे येथे कामास आले. व्हॅटिकनचे सर्वच राजकारण असे निःस्वार्थ होते असा आमचा दावा नाही. फिरंगाणाच्या इतिहासाचे वाचक तसा दावा करणार नाहीत. हा एक मसुदा मात्र सरहद्दीचा मसुदा कसा लिहावा याचा वस्तुपाठ आहे.

आता राहिला तिसरा शब्द, ‘सदैव’. साष्टी इंग्रजांकडे सदैव राहील असे लिहिले गेले. परत मिळालेल्या ‘वसई इत्यादी’ला मात्र हा शब्द लावलेला नाही, आणि तहाच्या आयुष्यात हा फरक प्रत्ययास आला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी पळून आलेल्या दुसऱ्या बाजीरावाने वसईतच, खाडीच्या पेशवाई काठावर बसून, तैनाती फौजेचा तह केला. १३ जून १८१७ च्या पुण्याच्या तहाने उत्तर कोकण कंपनीला दिले. साल्बाईची सरहद्द खाडीवर होती. ती एका सहीने उडाली आणि सह्याद्रीच्या माथ्यावर जाऊन बसली. एका पावसाळ्यात शहापूर आणि मुरबाड पेशव्यांच्या राज्यातून कंपनीच्या राज्यात गेले. तेव्हाही कोणी विचारावयास आले नव्हते. पुढच्याच वर्षी पेशवाईच गेली आणि ती माथ्यावरची रेषाही निरर्थक झाली. १८५४ मध्ये आगगाडीचा पूल ठाण्याची खाडी ओलांडून गेला.

सरहद्द गेली, वाटणी मात्र चालूच आहे, फक्त आता ती पाण्याची आहे. साल्बाईच्या लेखकांना जे पाणी दिसले नाही त्यावर आज मुंबई उभी आहे. तानसा १८९२ पासून शहापूरचे पाणी मुंबईला नेत आहे. महानगराच्या पुरवठ्यातील जवळपास निम्मे पाणी एकट्या भातशाचे आहे, आणि त्याच शहापूर तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. मुरबाडमध्ये काळू नदीवर धरण घालण्याचे काम वनविभागाची आवश्यक ती परवानगी नसताना सुरू झाले, गावकऱ्यांनी विरोध केला, आणि २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते थांबविले. या प्रकरणांचे कागदपत्र आम्ही काही वर्षे जमेल तसे वाचीत आलो आहोत. त्यांत पाण्याचे आकडे दशलक्ष लिटरमध्ये नेमके असतात. ज्या शहरांना ते जावयाचे त्यांची नावे नेमकी असतात. बुडणाऱ्या क्षेत्राच्या वर्णनात मात्र एकदोन मोठ्या गावांनंतर, पाड्यांच्या यादीच्या जागी, तो जुना ओळखीचा शब्द आम्हांला भेटला आहे.